पोराने क्रिकेट का सोडलं, तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याला आलो की, इथे सिडनीत मंडळाच्या गणपतीला गेलो की आणि आता तर व्हॉट्सऍपवरसुद्धा एकच प्रश्न असतो. पोराने क्रिकेट का सोडलं? त्याच्या मागोमाग खालच्या आवाजात दुसरा, की आपल्या पोरांना तिकडे टीममध्ये घेतच नाहीत ना? आजवर मी दोन्हीला एका वाक्यात काहीतरी सांगून विषय बदलत आलोय. आता एकदाच सगळं लिहितो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

तो कुठपर्यंत खेळला हे तुम्हाला माहितीये, फोटो मीच पाठवायचो. ग्रीन शील्ड म्हणजे सिडनीतली क्लबांची अंडर-१६ स्पर्धा, मग अंडर-१७ चा स्क्वाड, मग सेकंड ग्रेड, म्हणजे क्लबची दोन नंबरची टीम. तिथून पुढे फोटो यायचे बंद झाले आणि प्रश्न सुरू झाले.

आधी तो दुसरा, रंगाचा प्रश्न. नाही म्हणून मी तो झटकणार नाही, कारण क्रिकेट ऑस्ट्रेलियानेच २०२३ साली मान्य केलंय की नोंदणी केलेल्या खेळाडूंमध्ये दक्षिण आशियाई घरातले १८ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि राज्य पातळीवर पोचेपर्यंत ते ४ टक्क्यांवर येतात. मधले कुठे जातात? माझा मुलगा त्या मधल्यांपैकीच एक, त्यामुळे हा आकडा मी पेपरात वाचून विसरू शकत नाही. पण तुम्ही जेव्हा म्हणता की "घेतच नाहीत", तेव्हाही मला पटत नाही. पाकिस्तानात जन्मलेल्या उस्मान ख्वाजाला ऑस्ट्रेलियाने घेतलं, काढलं, परत घेतलं, परत काढलं, २०१९ ला इंग्लंडविरुद्धच्या ऍशेसच्या मध्येच बाहेर बसवलं आणि २०२२ च्या जानेवारीत ट्रॅव्हिस हेडला कोविड झाला म्हणून सिडनीत खेळवलं तर पठ्ठ्याने दोन्ही डावांत सेंच्युरी मारली. गुरिंदर संधूला २०१५ ला दोन वनडे मिळाल्या आणि मग काहीच नाही. तन्वीर संघाने पहिल्याच टी-ट्वेंटीत चार विकेट काढल्या, त्याचे वडील सिडनीत टॅक्सी चालवायचे. आणि लिसा स्थळेकरचं नाव तर तुम्हीच मला ऐकवता, पुण्याच्या अनाथाश्रमातून दत्तक गेलेली मुलगी ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्ड कप जिंकते, मग तुझ्या पोराला काय अडचण होती? ही सगळी नावं मलाही पाठ आहेत. त्यांच्यावरून काही सिद्ध होतं असं मला वाटायचं, आता वाटत नाही.

अडचण तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही भारतातून बघता. आपल्याकडे रणजीला ३८ टीम. इथे शेफील्ड शील्डला सहा. सहा गुणिले अकरा, ६६ माणसं, पूर्ण देशात. सिडनी एवढं मोठं शहर, वीस प्रीमियर क्लब, प्रत्येकाच्या पाच ग्रेड, आणि त्या सगळ्यांच्या वर न्यू साऊथ वेल्सची एकच टीम, जिच्यात अर्धी जागा ऑस्ट्रेलियाकडून खेळणाऱ्यांची, ते मोकळे असले की परत येऊन खेळणार. आणि त्यात माझा मुलगा डावखुरा स्पिनर. २०११ ला गॉलला नेथन लायनने पहिल्याच बॉलवर संगकाराला काढला, तेव्हापासून घरच्या टेस्टला स्पिनर म्हणजे लायन, दुसऱ्याचं नाव कोणी घेत नाही. बाकीच्यांना आशियात जायचं असलं की बोलावतात. आता तर २०२६ च्या जानेवारीत सिडनीत, जी कायम स्पिनरची विकेट म्हणून ओळखली जायची तिथे, ऍशेसच्या टेस्टला एकही खास स्पिनर खेळवला नाही. ती मॅच बघताना मुलगा काही बोलला नाही, मीही नाही.

त्याचा हिरो कोण होता सांगू? स्टीव्ह ओकीफ. तुम्हाला हा माणूस चांगला आठवत असेल कारण फेब्रुवारी २०१७ ला गहुंजेला त्याने आपल्याला दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ रनमध्ये ६-६ विकेट काढून गुंडाळलं होतं, १०५ आणि १०७, मॅच तीन दिवसात संपली. तुम्ही सगळे पिचला शिव्या घालत होतात आणि आमच्या घरात पोरगा हॉलमध्ये मोजे घालून ती ऍक्शन करत होता. मॅच माझ्या गावात चाललेली, आपण हरतोय, आणि मला आनंद लपवता येत नव्हता कारण त्याला दिसलं होतं की त्याच्यासारखी बॉलिंग करणारा माणूस टेस्ट जिंकवतो. त्याच ओकीफच्या आयुष्यात एकूण टेस्ट झाल्या नऊ. फर्स्ट क्लास विकेट्स ३०० च्या आसपास. २०२० ला राज्याने कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही आणि त्याने फर्स्ट क्लास सोडलं. त्याला का सोडलंस असं कोणी पुण्याहून फोन करून विचारलं नसणार.

आता ती मीटिंग. ही गोष्ट मी कोणाला नीट सांगितलेली नाही, हिच्या भावालासुद्धा नाही.

बारावीचं वर्ष. इथे एचएससीची मुख्य परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे क्रिकेटचा सीझन सुरू होतो नेमका तेव्हाच, आणि त्याआधी थंडीत शाळेची ट्रायल परीक्षा. त्या ट्रायलच्या दिवसात पुढच्या स्क्वाडची यादी ईमेलने आली. आदल्या वर्षी तो त्यात होता. या वेळी नाव नव्हतं. ईमेल अगदी सभ्य, मेहनतीबद्दल आभार, आणि खाली एक ओळ की फीडबॅक हवा असेल तर वेळ घ्या. मी म्हटलं घेऊ. तो नको म्हणत होता, मीच नेलं.

इनडोअर नेट्सच्या बाजूला छोटी खोली, शेजारी बॉलिंग मशीनचा धप धप आवाज. समोरचा माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला या गोष्टीत एक वाईट माणूस हवा असतो. त्याने पोराच्या बॉलिंगचे आकडे काढून ठेवले होते, मॅचेस बघितलेल्या होत्या. म्हणाला, तुझा कंट्रोल या वयात फार कमी मुलांकडे असतो. पण डावखुरा स्पिनर आम्ही एकच घेतोय आणि तो सहा नंबरला बॅटिंग करतो. आमच्या पिचेसवर स्पिनरला जागा द्यायची तर त्याने दुसरंही काहीतरी द्यायला लागतं. तू ग्रेडमध्ये विकेट काढत राहा, दार बंद नाहीये.

माझ्या तोंडात प्रश्न होता. तोच, तुमचावाला. मी खुर्चीत पुढे सरकलो आणि पोराने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मराठीत हळूच म्हणाला, "बाबा, विचारू नकोस." समोरच्या माणसाने विचारलं काही म्हणायचंय का, मी नाही म्हटलं, आभार मानले आणि आम्ही बाहेर आलो.

गाडीत त्याने सांगितलं की जो मुलगा घेतलाय तो पंजाबी घरातला आहे. आणि खरंच चांगला आहे, म्हणाला, आम्ही दोघं एकत्र नेट्स करतो. मग मी काय विचारणार होतो?

पण मला आजही दुसरी बाजू दिसते. त्या स्क्वाडमध्ये फास्ट बॉलर भरपूर होते आणि त्यातल्या प्रत्येकाला कोणी बॅटिंग विचारली नव्हती. क्लबमध्ये ज्यांचे आजोबा, वडील खेळलेत अशी पोरं आहेत, त्यांच्या घरच्यांची कोचशी वर्षानुवर्षांची ओळख, मॅच संपल्यावर सगळे बसतात तेव्हा आम्ही मात्र गाडीत बसून घरी, कारण रविवारी सकाळी ट्यूशन. दोन पोरं अगदी बरोबरीची असली तर कोणाचं नाव आधी आठवेल? याला वंशवाद म्हणायचं का, मला माहीत नाही. काहीच नाही असंही म्हणता येत नाही.

त्यानंतर तो एक पूर्ण सीझन खेळला हे कोणी लक्षात घेत नाही. परीक्षा चालू असताना शनिवारी मॅच. एका शनिवारी हिरवंगार पिच, दिवसभर फिल्डिंग, याला चार ओव्हर मिळाल्या, त्याही चहाच्या आधी कॅप्टनला मागे पडलेल्या ओव्हर पटापट टाकून घ्यायच्या होत्या म्हणून. बाकी वेळ फाइन लेगला उभा. घरी येताना एम-फोर हायवेवर तो म्हणाला, फिजिओथेरपीला ऍडमिशन मिळाली तर मी घेणार आणि ग्रेड सोडणार. क्लबमधला एक जण इंग्लंडला लीग खेळायला पाठवायची सोय करून देणार होता, तेही नको म्हणाला.

मी भांडलो. मी म्हटलं माईक हसी तीस वर्षांचा होता टेस्टला आला तेव्हा, ऍडम व्होजेस पस्तीस वर्षांचा. लायन तर ऍडलेड ओव्हलला पिचवर काम करायचा, मोजक्या फर्स्ट क्लास मॅचेसवर त्याला उचलला. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, हसीने त्याआधी १५ हजारच्या वर रन केले होते, तू त्याला वाट बघणं म्हणतोस. तो राज्याच्या कॉन्ट्रॅक्टवर वाट बघत होता, पगार घेऊन. मी क्लबला फी भरून वाट बघायची, तेही कुठपर्यंत?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला आधीचा मी आठवतो, जो पोराला लहानपणापासून सांगत आला की परफॉर्मन्स दे, निवड आपोआप होते. तो मी अजून मधूनमधून डोकं वर काढतो आणि म्हणतो की त्याने पुरेसा परफॉर्मन्स दिला नाही, सरळ आहे. मग मी त्याला ब्रॅड हॉजची आठवण करून देतो, साऊथ आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०३, टेस्टची सरासरी ५५ च्या वर आणि एकूण सहा टेस्ट. त्याने आणखी काय द्यायला हवं होतं? मग आधीचा मी म्हणतो की हॉजला निदान सहा तरी मिळाल्या. हे असंच चालू राहतं.

आणि तुमचा "सोडलं" हा सूर मला खरंच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या मार्कस स्टॉइनिसने २०२५ च्या फेब्रुवारीत चॅम्पियन्स ट्रॉफी दोन आठवड्यांवर असताना, टीममध्ये नाव असताना, वनडे सोडली. तुम्हीच म्हणालात प्रोफेशनल निर्णय आहे, त्याचं करिअर आहे. मग अठरा वर्षांच्या पोराने फिजिओचं कॉलेज निवडलं तर तो हरला असं का बोलता? त्याचं करिअर नाहीये का?

त्याच वर्षी मार्चमध्ये ऍडलेडला शेफील्ड शील्डची फायनल होती. जेसन संघा, ज्याला आमच्या न्यू साऊथ वेल्सने आदल्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट दिलं नव्हतं, त्याने साऊथ ऑस्ट्रेलियासाठी चौथ्या डावात नाबाद १२६ मारले आणि त्यांना २९ वर्षांनी शील्ड मिळाली. मी लगेच पोराला फोन लावला. बघ, म्हटलं, काढून टाकलेला माणूस. तो म्हणाला, "भारीच खेळला. पण बाबा, तो अंडर-१९ चा कॅप्टन होता, अठराव्या वर्षी इंग्लंडविरुद्ध सेंच्युरी मारलेला. त्याला एका राज्याने सोडल्यावर दुसरं घ्यायला तयार होतं. मला कुठलं राज्य घेणार होतं?"

त्याच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर असतं आणि ते बरोबर असतं. तरीही मला वाटतं की अजून दोन वर्षं दिली असती तर. ही म्हणते हे त्याच्यासमोर कधी बोलू नकोस, मी बोलत नाही. इथे लिहिलं कारण तुम्ही विचारलंत. त्याला मात्र भेटलात की हे विचारू नका, त्याच्या प्लेसमेंटचं, म्हणजे कॉलेजच्या प्रत्यक्ष ट्रेनिंगचं विचारा. सध्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंट्सबरोबर असतो, त्याबद्दल तो भरभरून बोलतो.