फिश फाइंडरची नोंद: बॅटरी भरलेली, तरी स्क्रीन काळी

मागच्या नोंदीतली तक्रार अशी होती. होडी उभी असताना फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, अगदी शहाण्यासारखा चालतो. तळ स्वच्छ, खोली स्थिर. ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी छोटी विजेची मोटर) चालू केली की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. कधी कधी बंद न पडता नुसतं मिणमिणतं. मल्टिमीटर बॅटरीला लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे लेड-अॅसिड बॅटरीसाठी जवळजवळ पूर्ण चार्ज. इथेच बहुतेक जण यंत्र बिघडलं म्हणतात आणि नवीन घ्यायच्या गोष्टी सुरू करतात.

पण लोड नसताना घेतलेलं व्होल्टेज वायरिंगबद्दल काहीच सांगत नाही. बॅटरी काठावर ठणठणीत आणि पाण्यात मरगळलेली, हा प्रकार असेल तर मोजमापही पाण्यातच, मोटर फिरत असतानाच घ्यायला हवं. मग तसंच केलं. मोटर मध्यम वेगावर ठेवली, साधारण २० अँपिअर ओढत होती. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट, ठीक. फिश फाइंडरच्या प्लगवर १०.३. मधले १.८ व्होल्ट वाटेतच गडप!

कुठे गेले ते शोधायला मल्टिमीटरची वेगळी पद्धत वापरली. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी प्लगच्या पॉझिटिव्हला. एरवी इथे शून्याच्या आसपास दिसायला हवं, मला ०.१ दिसलं. फ्यूज होल्डर, स्विच, वायर सगळं त्यात आलं, म्हणजे ती बाजू निर्दोष. तसंच निगेटिव्हला केलं आणि १.७ दिसलं. आपण सगळे फ्यूज आणि पॉझिटिव्ह वायर तपासत बसतो, निगेटिव्हकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

जुन्या वायरिंगमध्ये फिश फाइंडरची निगेटिव्ह थेट बॅटरीला न नेता मोटरच्या निगेटिव्ह लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) जोडलेली होती. त्या लगपासून बॅटरीपर्यंत दोघांची वाट एकच. बोट लावलं तर लग चांगलाच कोमट. वरचं आवरण सोलल्यावर आत तांब्याच्या तारांवर हिरवा कळक चढलेला, आणि तो आवरणाखाली बोटभर आत शिरलेला. बाहेरून मात्र सगळं नव्यासारखं.

आता हिशेब जुळतो. २० अँपिअरला १.७ व्होल्ट म्हणजे त्या सांध्याचा रोध ०.०८५ ओहम. फिश फाइंडर एकटा अर्धा अँपिअर घेतो, तेव्हा तिथे जेमतेम ०.०४ व्होल्ट पडतात, मीटरवर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. म्हणून काठावर सगळं उत्तम. मोटर सुरू होताना मात्र क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते. त्या क्षणी बॅटरीही खाली बसते आणि सांध्यातली घटही वाढते, मग यंत्र मान टाकतं. लग कोमट का, याचं उत्तरही इथेच आहे: २० गुणिले १.७ म्हणजे ३४ वॉटची उष्णता त्या एवढ्याशा जागेत.

दुरुस्ती सोपी. काळवंडलेला भाग स्वच्छ चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून टाकला, टिन चढवलेली मरीन वायर घेतली, लग नीट क्रिम्प केला (दाबून घट्ट बसवला) आणि वर गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी. उघड्या तारा पिळून टेप गुंडाळणं होडीवर चालत नाही, ओलावा तिथूनच चढतो.

तरीही मी एकाच बॅटरीवर भागवलं नाही. फिश फाइंडरला वेगळी छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिली, १२.८ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. अर्ध्या अँपिअरला कागदावर १४ तास, मी ११ धरतो. वजन नगण्य. एक सावधगिरी: या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी धाडकन कोसळतं. स्क्रीनवरचा व्होल्टेजचा आकडा पाहून किती उरलंय ते कळत नाही, वेळेचा हिशेब ठेवा. चार्जर या जातीच्या बॅटरीचाच हवा. पूर्ण चार्जला १४.६ व्होल्टपर्यंत जातं, तेवढं आपल्या यंत्राला चालतं का ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, माझा ३ अँपिअरचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून शक्य तितका जवळ.

यंत्र बंद पडणं थांबलं. मोटर चालू असताना स्क्रीनवर तिरप्या रेघा आणि ठिपके मात्र अजून होते. हा नॉइज, म्हणजे स्क्रीनवरचा कचरा, विजेचा की पाण्यातल्या बुडबुड्यांचा? मोटर अगदी थोडा वेळ पाण्याबाहेर काढून कमी वेगावर फिरवली. रेघा तशाच, म्हणजे विजेचा. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणाऱ्या भागाची) केबल मोटरच्या केबलला केबल टायनं घट्ट बांधलेली होती, तीच वेगळी केली. दोघी जिथे एकमेकींना छेदतात तिथे काटकोनात नेल्या. बराचसा कचरा गेला. उरलेल्यासाठी पॉवर केबलवर फेराइट कोर (विजेचा नॉइज अडवणारं चुंबकीय कडं) चढवणार आहे. ट्रान्सड्यूसरची जास्तीची केबल कापायच्या फंदात पडू नका, सैलसर गुंडाळी करून ठेवा.

सेटिंगमधला नॉइज फिल्टर मी मुद्दाम बंदच ठेवलाय. तो रेघांबरोबर लहान माशांचे फिकट परावर्तनही पुसून टाकतो, आणि मग वायरिंग सुधारलं की लपवलं ते समजत नाही.

वेग वाढवला की खोलीचा आकडा अजूनही हरवतो. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून बुडबुडे जात असावेत. तो थोडा खाली आणि होडीच्या तळाच्या पट्ट्यांपासून दूर सरकवून पाहायचाय. फेराइटचं काय झालं तेही त्याच वेळी लिहीन.