पडद्याला सहा रिंगा

भाड्याचं घर आणि मालकांची एकच अट: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. हाताशी ३००० रुपये. तेवढ्यात हॉल जरा माणसांत आणायचा होता. बाकी सगळं दोन रविवारांत उरकलं, पडद्यांनी मात्र दीड महिना खाल्ला.

कापड घेणं सोपं गेलं. पुण्यात रविवार पेठेतल्या कापडगंजात ११० रुपये मीटरचं जाडसर सुती कापड मिळालं, पन्हा ४८ इंची. दोन खिडक्या, प्रत्येकीला दोन पडदे, म्हणजे साडेसात मीटर. रॉड आधीच्या भाडेकरूंचे होतेच.

मग कोपऱ्यावरचे शिंपीकाका. श्रावणाची सुरुवात होती. "आठ दिवसांत देतो ताई." आठव्या दिवशी कापड पिशवीत तसंच, वर माझी चिठ्ठीसुद्धा. "गुरुवारी या." गुरुवारी मशीनचा पट्टा तुटलेला. पुढच्या गुरुवारी दुकानभर गौरीचे ब्लाउज. "पडद्याला काय मुहूर्त असतो का ताई, गौरी थांबतील का?" यावर काय बोलणार! तोवर मी खिडकीला जुनी चादर लावून बसले होते आणि समोरच्या बिल्डिंगीतल्या आजी रोज विचारत होत्या, "रंग काढताय का घरात?"

विसर्जनानंतर पडदे हातात आले. चार पडद्यांचे, वरच्या कडेला कापडातच बसवलेल्या रिंगांसकट, ४८० रुपये मोजले, घरी येऊन टांगले, तर प्रत्येक पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीत बाहेर आलेली, कान टवकारल्यासारखी. अर्धा तास स्टुलावर उभी राहून रॉडलाच दोष दिला. शेवटी रिंगा मोजल्या. सात! रॉड एका रिंगेतून आत जातो, पुढचीतून बाहेर येतो. रिंगा सम असल्या तरच दोन्ही कडा एकाच बाजूला वळतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, "सात शुभ असतात." मी पिशवी तिथेच ठेवली आणि स्टूल ओढून बसले. त्या दिवशी उठलेच नाही. प्लॅस्टिकची रिंग दोन भागांची असते, ती उचकटून निघाली. भोकासकट कड मागे दुमडून त्यांनी शिलाई मारली. चार पडदे, पाऊण तास. एवढंच काम होतं!

म्हणून चिठ्ठीवर लांबी-रुंदीबरोबर 'रिंगा ६' असंही लिहा. आणि सणाच्या तोंडावर शिंप्याकडे पडदे टाकू नका.

बाकीचं थोडक्यात. आईकडे ओटीत आलेले खण पडून होते. खणाचा पन्हा अरुंद, पण १६ इंची उशीच्या अभ्र्याला पुरतो. पाच अभ्र्यांची शिलाई २०० (ती शेजारच्या वहिनींनी दोन दिवसांत करून दिली, हे काकांना मुद्दाम सांगितलं). जुन्या बाजारातून पितळी तांब्या ३५० ला. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी गर्दी कमी वाटली. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा खरा रंग दिसला. कुंभारवाड्यातून मातीच्या दोन कुंड्या १६० ला, मनीप्लांटची फांदी मैत्रिणीकडची.

सगळ्यात जास्त फरक पडला तो २२० रुपयांच्या दोन बल्बनी. आधी पांढरेफटक ६५०० केल्विनचे होते, दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. खोक्यावर २७०० लिहिलेले पिवळसर घ्या. खरं तर हेच आधी करायला हवं होतं. पडद्याचा रंग मी दुकानातल्या पांढऱ्या उजेडात निवडला आणि घरी तो जरा मातकटच दिसतो.

एकूण २२३५ रुपये झाले.

हो, एक राहिलंच. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. मी भिजवलं होतं, म्हणून पहिल्या धुण्यानंतरही पडदे कठड्यापर्यंत पोचतात. काका तेव्हा म्हणाले होते, "कशाला भिजवलंत, इस्त्री करावी लागेल." त्याचे २० रुपये त्यांनी वेगळे लावले होते, ते मी दिले नाहीत.