पत्र्याला काय लागून आहे ते आधी बघा: जुनी अ‍ॅल्युमिनिअमची बोट दुरुस्त करताना

अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याला हवा लागली की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूला सांभाळतो. त्यामुळे कित्येक वर्षं उघड्यावर पडलेली बोटसुद्धा धुतल्यावर पुन्हा धातूसारखी दिसते. माझ्याकडे आलेली बोट १४ फुटी, सपाट तळाची, रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेली आणि मासेमारीसाठीच बनवलेली होती. पहिल्यांदा ती पूर्ण रिकामी केली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. मोकळा पत्रा ठणठणीत होता. जिथे त्याला दुसरं काही लागून होतं, तिथे मात्र तो खाल्ला गेला होता. मागच्या फळीतलं भिजलेलं लाकूड, तळाला चिकटवलेला गालिचा, बाकांखालचा ओला फोम, पाणी सोडायच्या भोकातली पितळी चकती, कुणीतरी मारलेले लोखंडी स्क्रू, या प्रत्येकाच्या शेजारी पांढरी भुकटी आणि खाली बारीक खड्डे होते. पुढचं सगळं काम मी याच हिशेबाने ठरवलं: पत्र्याला काय लागू द्यायचं आणि काय नाही.

गालिचा आणि फोम या दोघांचं कारण एकच. ओली वस्तू पत्र्याला सतत दाबून राहिली की तिथे हवा पोचत नाही, थर नव्याने धरत नाही आणि धातू ठिपक्याठिपक्यांनी खोल खात जातो. पितळ आणि लोखंडाचं वेगळं आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारं किंवा मळकट पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजायचं काम अ‍ॅल्युमिनिअमच्या वाट्याला येतं. तांबं आणि पितळ यात सगळ्यात वाईट. बोटीच्या तळाशी तांब्याच्या वायरचा तुकडा जरी विसरला, तरी तो हळूहळू त्याच्याखालचा पत्रा खातो. म्हणून सफाई करताना मी तळाचा प्रत्येक कोपरा हाताने चाचपून पाहिला.

गळती शोधायला बोट पाण्यात सोडायची गरज नाही, उलटं करायचं. ट्रेलरवर बोट ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेरून बघत बसायचं. पण आधी तळाला मधे मधे लाकडी ओंडक्यांचा आधार द्यायलाच हवा, कारण दर चौरस मीटरला १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. बोट पाण्यात असताना तिला खालून सगळीकडे आधार असतो, ट्रेलरवर तो दोन पट्ट्यांपुरताच. मी घोट्याच्याही खाली राहील इतकंच पाणी भरलं. बरेच रिव्हेट कोरडे राहिले, काहींच्या डोक्याभोवती ओल आली, आणि मधल्या बाकाखालची एक ओळ चक्क थेंब सोडत होती. ओल दिसेल तिथे पत्रा पुसून मार्करने गोल केला. सैल रिव्हेट पाण्याशिवायही ओळखता येतो: त्याच्या डोक्याखालून काळपट रेघ ओघळलेली असते. रिव्हेट हलतो, घासतो आणि घासून निघालेली धातूची भुकटी पाण्याबरोबर वाहते, त्याची ती रेघ.

आता रिव्हेटचं काम, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण या बोटीत सगळ्यात जास्त समाधान मला याच कामाने दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनिअमच्या कनू, म्हणजे हलक्या अरुंद होड्या, बनवायला घेतल्या, तेव्हा विमानाचा पत्रा जोडायची रीतच त्यांनी वापरली. माझी बोटही त्याच जातीची: आत बरगड्या, बाहेर पत्रा, दोन्हींतून आरपार भरीव रिव्हेट. असा रिव्हेट बसवायला दोघं लागतात. एक जण बाहेरून डोक्यावर स्नॅप, म्हणजे डोक्याच्या आकाराची खोबण असलेलं हत्यार, धरून ठोकतो, दुसरा आतून शेपटीवर डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, घट्ट दाबून धरतो. घाव बाहेर बसतो, पण पसरते ती आतली शेपटी.

आत माझा धाकटा भाऊ होता, बाहेर मी. नुसते सैल झालेले रिव्हेट बदलावे लागले नाहीत, तसेच पुन्हा ठोकून आवळले. ज्यांची भोकं मोठी झाली होती ते ड्रिलने काढले, भोक साफ केलं आणि एक माप जाड रिव्हेट घातला. ४.८ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर शेपटी पत्र्याच्या बाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे सात मिलिमीटरच्या आसपास, निघाली पाहिजे. ठोकून झाल्यावर तिची बटणासारखी चकती होते. तिची रुंदीही व्यासाच्या दीडपट आणि उंची व्यासाच्या निम्मी भरली की रिव्हेट बरोबर बसला. हे कानालाही कळतं. सुरुवातीचे घाव मऊ येतात, शेपटी भरत आली की आवाज कोरडा आणि टणक होतो. भाऊ आतून सांगायचा, "ताई, थांब, डॉली सरकतेय," नाहीतर, "झाला, पुढचा घे." प्रत्येक रिव्हेट घालण्याआधी त्याच्या मानेला समुद्री कामाचा पॉलियुरेथेन सीलंट लावला. ठोकल्यावर डोक्याभोवती त्याची बारीक कडी सारखी बाहेर आली म्हणजे भोक सगळीकडून भरलं.

एका हाताने मारता येणारे पॉप रिव्हेट सोपे असतात, पण साध्या पॉप रिव्हेटला मधोमध भोक असतं. पाण्याच्या रेषेखाली ते चालत नाहीत. डॉली पोचतच नव्हती अशा जागी मी बंद तोंडाचे पॉप रिव्हेट सीलंट लावून मारले. रिव्हेटऐवजी वेल्डिंग का नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड २००० अंशांच्याही वर. अनुभवी हात नसेल तर थर फुटायच्या आधी खालचा पातळ पत्रा गळून पडतो. शिवाय जुन्या जोडांत वर्षानुवर्षांचा सीलंट आणि मळ असतो, तो वेल्डमध्ये जाऊन जोड सच्छिद्र होतो. चिरलेला जाड भाग असेल तर वेल्डिंग जरूर करून घ्यावं, पण रिव्हेटच्या ओळींवर नको.

मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, हे बोटीतलं सगळ्यात जबाबदारीचं ठिकाण. इंजिन तिथेच लटकतं आणि त्याचा सगळा रेटा तिथूनच बोटीला लागतो. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकल्यावर वरच्या बाजूला टणटण आणि खाली भदभद आवाज येत होता. वरची पट्टी काढली तर आतलं प्लायवूड हाताने सुटून आलं. मी आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापून जागेत बसवून पाहिला, मग १८ मिलिमीटरचे मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून साच्याप्रमाणे कापले. कडांना इपॉक्सीचे जास्त हात दिले, कारण लाकूड पाणी पितं ते कडेनेच. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि ते कडक झाल्यावर त्यातून नेमकी भोकं पाडली. त्यामुळे बोल्टजवळून पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. एक गोष्ट मात्र ठासून सांगते: वाळवी-बुरशीपासून टिकावं म्हणून रसायन भरलेलं लाकूड इथे वापरू नका. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत तांब्याचे क्षार असतात आणि ओल आली की ते पत्र्यावर तुटून पडतात. साधं मरीन प्लाय, सगळीकडून इपॉक्सीत बंद केलेलं, हेच बरं. बोल्ट स्टेनलेसचे घेतले, पण प्रत्येकाखाली नायलॉनचे वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट. पाणी सोडायच्या भोकातली पितळी चकती काढून प्लास्टिकची बसवली.

फोमबद्दल लोक फार सहज बोलतात, "काढून टाका, जागा होईल." तो तिथे बोट बुडू नये म्हणून असतो. १०० किलो अ‍ॅल्युमिनिअम पूर्ण पाण्याखाली गेलं तरी फक्त ३७ लिटर पाणी बाजूला सारतं. म्हणजे उरलेले ६३ किलो फोमनेच पेलायचे, आणि चांगला कोरडा फोम लिटरमागे जेमतेम किलोभर पेलतो. त्यात इंजिन आणि बॅटरी यांचं वजन वेगळं. जुना फोम पाण्याने इतका जड झाला होता की तो उचलून काढायला दोघं लागलो. मी त्याच्या जागी बंद पेशींच्या पॉलिस्टायरिनच्या पाट्या कापून बसवल्या, तळापासून थोड्या उचलून, म्हणजे खालून पाणी मोकळं वाहत मागे जाईल. बाकांखालची जागा भरलीच, शिवाय दोन्ही बाजूंना कठड्याच्या लगत, उंचावर, फोम घातला. सगळा फोम तळाशीच असला तर पाणी भरलेली बोट उलटी होऊन तरंगते. तो बाजूंना वर असला तर ती सरळ राहते आणि माणसाला धरून राहता येतं. पेट्रोलने पॉलिस्टायरिन विरघळतं, म्हणून टाकीच्या बाजूला पॉलिथिलिनचा फोम वापरला.

रंगाचं थोडक्यात. लोखंडी तारेचा ब्रश अ‍ॅल्युमिनिअमवर फिरवायचा नाही, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर गंजतात. कॉस्टिकचा रंगकाढूही नाही, कारण तो पत्राच खातो. जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, म्हणून पाणी मारत मारत, मास्क लावून घासलं. घासलेल्या भागावर त्याच दिवशी एचिंग प्रायमर, म्हणजे रंग पत्र्याला धरून राहावा म्हणूनचा पहिला हात, मारला. आतून फिकट, चकाकी नसलेला राखाडी रंग दिला, कारण उन्हात चमकणाऱ्या पत्र्यावर दिवसभर डोळे उघडे ठेवणं अवघड जातं. बाहेरून तळाला शेवाळरोधक रंग हवा असेल, तर तांब्याचा नको. माझी बोट ट्रेलरवर राहते, मला तो लागलाच नाही.

मग बदल. मला पुढच्या टोकाला उभं राहून गळ टाकता येईल असा ओटा हवा होता आणि मधे मोकळी जागा. मधला बाक कापून टाकायचा मोह होतो, पण तो बाक नुसता बसायला नसतो, तो दोन्ही बाजू एकमेकींपासून धरून ठेवतो. तो गेला की लाटेवर बाजू आतबाहेर होतात आणि आवळलेले रिव्हेट पुन्हा सैल पडतात. मी बाक ठेवला आणि फक्त त्याच्या पुढचा भाग भरला. ६०६१ मिश्रधातूच्या कोनपट्ट्यांची चौकट बरगड्यांना आणि बाकाला जोडली, पाण्याखालच्या पत्र्याला एकही भोक पाडलं नाही. वर ५०५२ या दुसऱ्या मिश्रधातूचा पत्रा टाकला आणि त्याच्यावर पाणी न धरणारा खडबडीत रबरी थर. गालिचा पुन्हा नाहीच. ओटा कठड्याच्या बराच खाली ठेवला. उंच ओटा दिसायला छान दिसतो, पण त्याच्यावर उभ्या माणसाचं वजन जितकं वर जाईल तितकी अरुंद बोट डुलते. आणि जेवढं वजन वाढवलं, तेवढं बोटीच्या मूळ पट्टीवर लिहिलेल्या क्षमतेतून वजा धरायचं.

विजेच्या कामात एकच नियम सगळ्यात महत्त्वाचा: गाडीसारखी बोटीच्या बॉडीला अर्थिंगची वायर जोडायची नाही. प्रत्येक दिव्याची, पंपाची दोन्ही टोकं वायरनेच बॅटरीपर्यंत न्यायची, नाहीतर भटका प्रवाह पत्र्यातून वाहतो आणि साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने धातू खातो. कथिलाचा मुलामा दिलेली वायर घेतली, मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत बसवला आणि पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी कडी घातली.

पाण्यात उतरवल्यावर अर्धा तास आम्ही काठालाच बांधून ठेवली आणि टॉर्च घेऊन प्रत्येक ओळ पाहिली. तळ कोरडा होता. इंजिन चालवल्यावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जरा जास्त वर उचलत होती, म्हणून बॅटरी मागून काढून पुढच्या ओट्याखाली नेली. इंजिनाच्या पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला येईल असं ट्रान्समवर त्याला थोडं खाली घेतलं, तेव्हा वळणावर पंख्यात हवा शिरणं थांबलं. भाऊ ओट्यावर उभा राहून गळ टाकत होता आणि मी मागे, बोट किती कलते ते बघत. दोघंही एकाच बाजूला आलो तरी कठडा पाण्यापासून वीतभर वर राहिला. आता ओट्याखालच्या कप्प्यात गळ आडवे ठेवायला नळ्या बसवायच्या आहेत, प्लास्टिकच्या.