तुम्ही विचारलंत म्हणून: नदी मोजून काय होतं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगला, कुठंही गेले तरी हा प्रश्न येतोच. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं पंचगंगेचं पाणी तपासताय ना? मग नदी सुधारत का नाही?" विचारणारा बहुधा हसत असतो. मीही हसते. आतून मात्र दर वेळी काहीतरी चिरडीला येतं, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

नदीत काय सोडलं जातं, कुठून सोडलं जातं, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. केंदाळ (जलपर्णी) तुम्हालाही दिसतं, वास तुम्हालाही येतो. ते पुराण पुन्हा लावत नाही. मी सरकारी प्रदूषण मंडळात नाही, कुठल्या कारखान्याच्या पगारावर नाही. कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन नदीवर जाते. कुणाचा नाला बंद करायचा अधिकार मला नाही, कधी नव्हता.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. "थर्मामीटरनं ताप उतरतो का हो? पण थर्मामीटर लागतोच ना?" समोरचा गप्प व्हायचा आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. हल्ली हे उत्तर मी देत नाही. घरातलं माणूस तापानं फणफणतंय, डॉक्टर रोज येऊन थर्मामीटर लावतो, आकडा वहीत लिहितो आणि जातो. असं वर्षानुवर्षं चाललं तर घरचे विचारणारच. उदाहरण माझंच होतं आणि ते माझ्याच अंगावर आलं.

तरी मोजण्याची बाजू आधी मांडते, कारण ती कुणी मांडत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. ३५१ पट्टे, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात पहिला नंबर आपला. त्या यादीची बातमी वाचून हरित लवादानं स्वतःहून दखल घेतली आणि प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवनासाठी समिती नेमायला लावली. ही यादी आकाशातून पडली नाही. दर महिन्याला कुणीतरी पुलावरून दोरीनं बाटली सोडून पाणी काढलं, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेलं, २७ अंशाला तीन दिवस ठेवून त्याची बीओडी काढली, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजलं. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की नदीचा तो भाग यादीच्या वाटेला लागतो. बाटली भरणाऱ्या माणसाचं नाव त्या यादीत नसतं. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ वर आले आणि महाराष्ट्राचे ५५ झाले. तुम्ही म्हणाल, बघा, आपले वाढलेच. हो, वाढले. पण वाढले हे तुम्हाला कळलं कशावरून?

हे वाक्य मी भांडणात वापरते. आता त्या रात्रीचं सांगते, म्हणजे हे वाक्य मला पुरत का नाही ते कळेल.

उन्हाळ्याचे दिवस होते. कोल्हापूरच्या खालच्या अंगाला एका बंधाऱ्यावर आम्ही चोवीस तासांचं काम लावलं होतं. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, त्यामुळं नदी नावालाच नदी, खरं तर साचलेलं तळं. एका बाजूला केंदाळाची गादी, दुसऱ्या बाजूला उघडं, हिरवंगार पाणी. दर दोन तासांनी विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, एवढंच काम. मीटर होता, पण पोरांचा मीटरवर विश्वास नसतो, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. म्हणून बाटलीतली जुनी पद्धतही सोबत. विंकलर नावाच्या हंगेरियन माणसानं १८८८ मध्ये ती काढली आणि अजून तिला तोड नाही. बुडबुडा न येऊ देता बाटली काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड खोलवर सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त.

संध्याकाळी पाचला मीटरचा आकडा लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या वर होता. तेवढ्या कोमट पाण्यात हवेतून विरघळून आठापर्यंत पोचला तरी खूप झालं. नऊ कसा? हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडत असतं म्हणून. हाच आकडा कुणी वर्तमानपत्राला दिला असता तर "पंचगंगा निर्मळ" असा मथळा आला असता. अंधार पडला की तेच शेवाळ ऑक्सिजन ओढायला लागतं. गावांच्या सांडपाण्यावर जगणारे जिवाणू तर रात्रंदिवस ओढतच असतात. म्हणजे रात्रभर खर्च चालू आणि जमा शून्य. दहाला ५, मध्यरात्रीनंतर २ च्याही खाली.

पहाटे चारला पोरानं बाटली उलटसुलट केली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. साका पांढरा. दुधासारखा पांढरा. त्यानं लगेच म्हटलं, "मॅडम, औषध खराब झालंय." मलाही तेच वाटावंसं वाटत होतं. म्हणून त्याच पाण्याची अर्धी बाटली भरून खूप वेळ हलवायला लावली, हवा मिसळू दिली, आणि तीच औषधं पुन्हा टाकली. साका तपकिरी आला. औषध चांगलं होतं. पाण्यातच काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात मोटर बघायला आलेले आप्पा (शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळं शेतकरीही रात्रीचे) काठावरून ओरडले, "मॅडम, मासं वर आलं!" रोहू, कटला, चिलापी (तिलापिया), सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून उघडझाप करत होते. मरळ मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेऊन खाली जात होती. तिला हवेतला श्वास घेता येतो. मरळ तगलीय आणि बाकीचे मरतायत, म्हणजे ऑक्सिजनच संपलाय असं मानायला जागा होती. त्या ऑक्सिजनच्या आड पाण्यात आणखी काही होतं का, हे त्या बाटलीतून कळत नाही.

उजाडेपर्यंत काठ माणसांनी भरला. घमेली, पाट्या, दुधाच्या किटल्या, जे मिळेल ते घेऊन बायका-पोरं पाण्यात. एक बाई, माझ्याहून मोठ्या, गुडघाभर पाण्यातून वर आल्या. डोईवर पाटी, पाटीत रोहू. आमची बाटल्यांची पेटी बघून थांबल्या. "बाई, हे खाऊ का नको, तेवढं सांगा."

एवढा सरळ प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "ऑक्सिजन संपल्यानं मेलेत. पाण्यात इख आहे की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही. मी खाल्ले नसते."

त्या म्हणाल्या, "तुमास्नी इकत घिऊन खाता येतंय." पाटी सावरली आणि गेल्या.

मी त्यांना खोटं सांगितलं नाही. आजही विचारलं तर तेच सांगेन. पण रात्रभर जागून काढलेल्या सगळ्या आकड्यांत त्यांच्या कामाचा एकही नव्हता.

अकराच्या सुमाराला सरकारी जीप आली. नमुना घ्यायला आलेला माणूस सज्जन होता, घामानं डबडबलेला, एकटा. नियमाप्रमाणं त्यानं पाणी घेतलं, माझ्यासमोर बाटलीत औषध टाकलं. साका तपकिरी. ऊन वर आलं होतं, शेवाळ पुन्हा कामाला लागलं होतं. आकडा ५ च्या आसपास. नदीच्या पाण्याचे वापरानुसार वर्ग असतात, त्यांतल्या माशांसाठीच्या 'ड' वर्गाला ४ लागतो. म्हणजे काठावर मेलेले मासे आणि कागदावर मानकात बसणारं पाणी, दोन्ही एका वेळी, एका जागी, दोन्ही खरे. मी त्याला रात्रीची वही दाखवली. त्यानं नीट वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे मी कशात लिहू?" त्याच्या छापील फॉर्ममध्ये त्याच्या नमुन्याची वेळ लिहायची जागा होती. माझ्या रात्रीला जागा नव्हती.

थोड्या वेळानं गावातल्या पोरांनी त्याच्या जीपच्या बॉनेटवर मेलेले मासे ओतले. मी मध्ये पडले तर मागून आवाज आला, "ही बी त्यातलीच." आप्पा नसते तर आमची पेटीही नदीत गेली असती.

तुम्ही म्हणाल, मग तुमची वही घेऊन कोर्टात का गेला नाहीत? १९७४ च्या जल कायद्याचं २१ वं कलम वाचा. सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून टिकायचा असेल तर ज्याचं सांडपाणी त्याला नोटीस द्यायची, त्याच्या देखत नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. पहाटे चार वाजता बंधाऱ्यात साचलेल्या पाण्याचा मालक कोण? नोटीस कुणाला देऊ? जे काही वरून आलं असेल ते आमच्या आधी येऊन नदीत मिसळून गेलं होतं. नमुना नेहमी नंतरचा असतो.

आणि त्या वहीचं पुढं काय झालं, तेही सांगते. त्या रात्रीचा आलेख फार देखणा आला. संध्याकाळी डोंगर, पहाटे दरी. त्यावर मी शोधनिबंध लिहिला, कितीतरी सेमिनारांत तो दाखवला, बढतीच्या गुणांत तो धरला गेला. नदीला त्यातून काय मिळालं, हे विचारायचा हक्क त्या पाटीवाल्या बाईंना आहे. पंगतीत बसून विचारणाऱ्यांना जरा कमी आहे.

पीएचडी करत होते तेव्हा मला वाटायचं, आकडा योग्य टेबलावर पोचला की पुढचं आपोआप होतं. ती मुलगी मूर्ख नव्हती. तिच्यासमोर एक जितंजागतं उदाहरण होतं, आणि ते तुमच्याही समोर आहे. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटाइंचांत येते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. अख्खं कोल्हापूर रात्री-अपरात्री तो आकडा बघतं. ३९ झाले की काठचे लोक जनावरं हलवतात, दुकानदार खालचा माल माडीवर नेतात, प्रशासन गावं रिकामी करायच्या तयारीला लागतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पातळी मोजणाऱ्याला कुणी विचारलं नाही की, बाबा, तू एवढं मोजतोयस, मग पूर का उतरत नाही? तोही नुसता मोजतच होता. पण त्याच्या आकड्याला पुढं काय करायचं ते जोडलेलं आहे. माझा आकडा ४ च्या खाली गेला तर कुणी, काय, किती वेळात करायचं? धरणातून पाणी सोडायचं? बरगे काढायचे? वरचे नाले तपासायचे? कुणाच्याच खिशात तो कागद नाही.

हे मी एका सभेत बोलले तेव्हा एका शेतकऱ्यानं मला थांबवलं. म्हणाला, पुरात ज्याचं घर बुडणार तोच हलतो. इथं मरणार मासा आणि हलायचं दुसऱ्यानं. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग जाते कशाला? थोडं आवडतं म्हणून. पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी नदीच्या वरच्या अंगाला, गगनबावड्याकडं, पाण्यातला दगड उलटा केला की खाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, तीन शेपट्यांची. शहराच्या खाली तोच दगड उलटा करा, गाळात लाल अळ्या मिळतील. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्याचा तो रंग. हे किडे आठवडेच्या आठवडे तिथंच राहतात, पहाटेचे चारही त्यांनी तिथंच काढलेले असतात. अकराच्या बाटलीला जे कळत नाही ते त्यांच्या असण्या-नसण्यातून कळतं. फक्त किड्यांचा अहवाल वाचायला बाटलीच्या अहवालापेक्षाही कमी लोक बसतात.

त्या रात्रीनंतर मी सगळीकडं एकच मागणी लावून धरली होती, की उन्हाळ्यात नमुने सूर्योदयाआधी घ्या. आज तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. इतक्या वर्षांच्या नोंदी दिवसा घेतलेल्या आहेत. उद्यापासून सगळे पहाटे मोजायला लागले तर आकडे एकदम पडतील आणि नदी बिघडली की घड्याळ बदललं, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही वेळा घ्या म्हणावं, तर एका वेळेलाच माणूस पुरत नाही, हे मी त्या जीपवाल्याकडं बघून शिकले.

सध्या एका बंधाऱ्यावर मीटर कायमचा बसवायची खटपट चालू आहे. चोरीला गेला नाही आणि त्याच्यावर शेवाळाचा थर चढला नाही, तर दर पंधरा मिनिटांनी आकडा येईल. परवाच्या बैठकीत मी विचारलं, पहाटे तो ४ च्या खाली गेला तर फोन कुणाला करायचा? सगळे माझ्याकडंच बघायला लागले. तुमच्याकडं तो नंबर असेल तर पुढच्या पंगतीत प्रश्नाऐवजी तेवढा द्या.