सेपियाची केस

नौपाड्यातलं माझं होमिओपॅथीचं क्लिनिक. पावसामुळे त्या संध्याकाळी गर्दी बेताचीच होती. एक सासूबाई बाळंतीण सुनेला घेऊन आल्या. "मॅडम, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. दृष्टही काढली. हिचं बाळात मनच नाही. तुमच्या गोड गोळ्या द्या."

बाळ सासूबाईंच्या मांडीवर रडत होतं आणि सून पंख्याकडे बघत होती. कुर्त्यावर दुधाचा डाग पसरत चालला होता, ओढणी पुढे घ्यायचंही तिला सुचत नव्हतं.

घरच्यांबद्दल अलिप्तपणा, थकवा, चिडचिड, तेही बाळंतपणानंतर: आमच्याकडे कुठलाही विद्यार्थी डोळे मिटून सेपिया हे औषध सांगेल. पण बाळ दोन महिन्यांचं होतं. बाळंतपणानंतरचं साधं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं.

सासूबाईंना बाहेर बसवून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली काढली. १९८७ सालची आहे, दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज कितीही कमी येवो, तिथे 'कधीच नाही' सोडून काहीही आलं की गाडी तिथेच थांबवायची.

ती म्हणाली, "कपडे वाळत घालायला मी हल्ली बाल्कनीत जात नाही."

"कितवा मजला?"

"अकरावा."

या आजारावर होमिओपॅथी चालते याला भरवशाचा पुरावा नाही, हे मी होमिओपॅथ असून लिहितेय. (आमच्यातले काहीजण यावर रागावतात. रागावोत.) ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून त्याच रात्रीची वेळ घेतली. मग तिला विचारून सासूबाईंना आत बोलावलं.

"म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, धसका अजून तोच. "आणि बाळ काढून घेतील?"

"काकू, बसा. आज फक्त डॉक्टरांना दाखवायचंय. आणि दाखल करावं लागलंच, तरी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करत नाहीत. अंगावर पाजताना घेता येतील अशीही औषधं असतात, ते डॉक्टर ठरवतील."

तेव्हा सून पहिल्यांदा आपणहून बोलली, "त्याने झोप लागेल ना मला?"

नवरा ऑफिसातून थेट आला. त्याच्या फोनमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ सेव्ह करायला लावला. बाल्कनीला कुलूप लावा आणि हिला क्षणभरही एकटी ठेवू नका, हे दोनदा बजावून त्यांना रिक्षात बसवलं.