खरं सांगणारीवर निघालेला राग

मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर. आमच्या कामातली बाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोटॅशियम क्लोराइड, वॉर्डात सगळे केसीएल म्हणतात ते, १० मिलीच्या अँप्युलमध्ये येतं. पारदर्शक, बिनरंगी. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायचं डिस्टिल्ड वॉटरही १० मिलीच्याच अँप्युलमध्ये, तेही पारदर्शक आणि बिनरंगी. केसीएल सलाइनमध्ये मिसळून, तासाला साधारण १० एमईक्यूच्या (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक) बेतानं, सावकाश द्यायचं असतं. १५ टक्क्यांच्या एका अँप्युलमध्ये २० एमईक्यू असतं. ते तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. अशी तीव्र द्रावणं वॉर्डातल्या उघड्या साठ्यात ठेवू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेच्या उपायांमध्ये सांगितलेलं आहे. आमच्याकडे दोन्ही अँप्युलं एकाच ट्रॉलीत, शेजारशेजारच्या कप्प्यांत होती. वेगळी ठेवा, असं मी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं होतं, जागा नाही.

त्या सकाळी नव्यानंच रुजू झालेल्या एका सिस्टरनं सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक तयार केलं आणि ट्रे घेऊन पेशंटपाशी गेली. औषध दिलं जाईपर्यंत रिकामं अँप्युल ट्रेमधून टाकायचं नाही, अशी माझ्या वॉर्डात शिस्त आहे. मुली कंटाळतात, पण मी ती सोडू दिलेली नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. सिरिंज उचलण्याआधी तिनं ते अँप्युल हातात घेऊन वाचलं. केसीएल होतं.

तिला सगळं बेसिनमध्ये ओतून नवं औषध बनवता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. ती सरळ माझ्याकडे आली. ‘मॅडम, मी केसीएलमध्ये विरघळवलंय. पेशंटला दिलेलं नाही.’ आवाज थरथरत होता, पण शब्द स्वच्छ होते.

आमच्या मोठ्या डॉक्टरांचा, म्हणजे सरांचा, राउंड दोन पलंगांवरच होता. सरांनी ऐकलं आणि तिथेच सुरू झाले. ‘अक्कल घरी ठेवून येतेस का? माणूस मेला असता तुझ्या हातून!’ पेशंट, नातेवाईक, शिकाऊ मुली, सगळ्यांदेखत. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि ती काही बोलत नाही म्हणून ते आणखी चढत गेले.

सर निदानात फार हुशार आहेत, आणि रात्री-अपरात्री बोलावलं तरी येतात. पण त्यांच्या रागाला आमच्याकडे कुणी राग म्हणतच नाही, ‘सरांचा स्वभाव’ म्हणतात. वरच्या माणसाचा राग स्वभाव ठरतो आणि वॉर्डबॉयचा राग उद्धटपणा. इतकी वर्षं हे पाहत आले आहे आणि ते मला कधीच सहन झालेलं नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण पेशंटला त्याचा डोस अजून मिळायचा होता. दुसऱ्या सिस्टरला नवं औषध बनवायला सांगितलं. पहिली सिरिंज आणि ते अँप्युल किडनी ट्रेमध्ये वेगळं काढून त्यावर चिठ्ठी लावली. ‘हिच्याकडे मला काम आहे,’ म्हणून मुलीला तिथून हलवलं आणि ड्युटीरूममध्ये बसवून घटनेचा अहवाल लिहायला दिला.

रागावलेल्या माणसाला देव आधी प्रश्न विचारतो, हे मला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना नेहमी जाणवतं. आदामाचा मुलगा काइन, त्याला विचारलं, तू का रागावलास? संदेष्टा योनाला विचारलं, तुझं रागावणं बरं आहे का? काइन उत्तर न देता भावाला शेतात घेऊन गेला आणि त्याला ठार मारलं. योना निदान देवाशी भांडत राहिला. किडनी ट्रे हातात धरून मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, हो, हा राग बरोबर आहे. आजही माझं तेच उत्तर आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, त्यातही बायकांना, राग म्हणजे पाप असं सरसकट शिकवतात. मला ते पटत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हात वाळलेल्या माणसाकडे येशूनं पाहिलं, दोष काढायला टपून बसलेल्यांकडे पाहिलं, तेव्हा तो रागावलाही आणि त्यांच्या कठोरपणामुळे दुःखीही झाला. आणि मग त्यानं तो हात बरा केला. याकोब मात्र आपल्या पत्रात बजावतो की माणसाच्या रागानं देवाचं नीतिमत्त्व घडत नाही. ही दोन्ही वचनं एकाच वेळी हातात धरायची, हे त्या सकाळी माझं काम होतं.

भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. राउंड संपल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये एकटी गेले. दोन भरलेली अँप्युलं टेबलावर ठेवली, लेबलांवर बोटं धरली आणि विचारलं, ‘सर, यातलं पाणी कोणतं?’

त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. ‘लेबल वाचायला काय होतं, सिस्टर?’

‘तिनं वाचलं, सर. म्हणूनच पेशंट सुखरूप आहे. पण सांगितल्यावर काय होतं ते आज सगळ्या मुलींनी पाहिलं. पुढची मुलगी सांगणार नाही.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘भीती असली की माणूस दोनदा बघतो. आता बघा, वर्षभर कुणी चुकणार नाही.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही, कारण ते साफ खोटंही नाही. काही दिवस सगळ्याजणी खरंच दोनदा बघत होत्या. मला इस्राएलांचा पुढारी मोशे आठवतो. देवानं खडकाशी बोलायला सांगितलं होतं, पण लोकांवर चिडून त्यानं खडकावर दोनदा काठी मारली आणि पाणी भरपूर निघालं. लोकांची तहान भागली, तरी त्या कृत्यापायी तो वचनदत्त देशात गेला नाही. पाणी निघालं म्हणजे काठी मारणं योग्य होतं, असं देवानं म्हटलं नाही. सरांच्या ओरडण्यानंही पाणी निघालंच, पण त्या मुलीच्या मनात काय फुटलं ते राउंडच्या कागदावर दिसत नाही.

प्रशासनाकडे मी त्याच दुपारी गेले. राग होता तोवरच गेले. तो दाबून ठेवला असता तर पुन्हा एक अर्ज लिहून मी गप्प बसले असते. गरिबांची शेतं आणि मुलं गहाण पडल्याचं ऐकून बायबलमधला यहूदाचा सुभेदार नहेम्या फार संतापला, पण बोलण्याआधी त्यानं मनाशी विचार केला आणि मग सरदारांना धारेवर धरलं. मी जुन्या अर्जाची प्रत, ती दोन अँप्युलं आणि मुलीचा अहवाल समोर ठेवला, आवाज चढवला नाही. नसलेली जागा निघाली. आता केसीएल कुलपात आहे, वर लाल लेबल, आणि बाहेर काढताना दोघींच्या सह्या.

राहिला आहे तो सर आणि मुलीमधला प्रश्न. त्यांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच सांगितलं, ‘त्या दिवशी जास्त बोललो.’ तिनं माफ केलं. माझ्याकडून मात्र होत नाही. पाणउतारा चारचौघांत आणि दिलगिरी कोपऱ्यात, याला मी न्याय म्हणत नाही. नहेम्यानंही उघड अन्यायासाठी मोठी सभाच बोलावली होती. पण त्यांची मान खाली गेलेली मला बघायची आहे, असंही त्यात थोडं असेल का? सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, सैतानाला वाव देऊ नका, असं प्रेषित पौल लिहितो. रोज संध्याकाळी प्रार्थनेत मी हे तपासते.

शेवटी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘माझ्यासाठी नको, मॅडम. पण त्या शिकाऊ मुली तिथे होत्या. सांगितलं ते बरोबर केलं, एवढं त्यांना कळायला हवं.’

म्हणून सोमवारी राउंडच्या आधी मी सरांना एक वाक्य मागणार आहे, त्या मुलींसमोर, त्याच पलंगापाशी: हिनं येऊन सांगितलं ते बरोबर केलं. ते नाही म्हणाले तर राउंडमध्ये, त्यांच्या समोरच, ते वाक्य मी बोलेन.