कडी

जुन्या नाशकातल्या काही वाड्यांच्या दारांवर अजून लोखंडी कड्या आहेत. बेल आल्यापासून त्यांना फारसं काम उरलेलं नाही. वीज गेली की तेवढी आठवण होते. कडी वाजवायची एक रीत असते. दोन-तीन ठोके, मग थांबायचं. आतून ‘कोण?’ येतं, चपला सरकतात, अडसर निघतो. जो थांबतच नाही, त्याला यातलं काहीच ऐकू येत नाही.

प्रार्थनेचंही तसंच. ‘मागा, शोधा, ठोका’ हे बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं, ७व्या अध्यायातलं वचन नाशकातल्या शरणपूरच्या ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही पाठ असतं. मूळ ग्रीकमधली ही क्रियापदं चालू राहणाऱ्या कामाची आहेत: मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा. मराठीतल्या ‘ठोका’मध्ये हे राहणं राहूनच जातं. मग एकदा ठोकून माणूस घरी परततो आणि देव ऐकत नाही म्हणतो.

दाराचं खरं चित्र लूकच्या शुभवर्तमानात, ११व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात आहे. मध्यरात्री पाहुणा आलाय, घरात भाकर नाही, म्हणून एकजण मित्राकडे जातो. मित्र आतूनच सांगतो, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत. एकाच खोलीचं घर असणार. उठायचं तर पोरांना ओलांडून जायचं. तरी तो उठतो, आणि तेही मैत्रीखातर नव्हे, तर मागणाऱ्याच्या ‘अनाइदेइया’मुळे (मूळ ग्रीक शब्द). भाषांतरांत या शब्दाचा सहसा ‘आग्रह’ होतो. सरळ अर्थ निलाजरेपणा. अख्खी आळी जागी होईल, याची त्या गृहस्थाला फिकीर नाही. १८व्या अध्यायातली, न्यायासाठी न्यायाधीशाकडे सारखी खेटे घालणारी विधवा तर आणखी पुढची. तिला कंटाळलेला न्यायाधीश जे क्रियापद वापरतो, त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं! देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असं मात्र येशू म्हणत नाही. असला माणूससुद्धा वळतो, तर स्वर्गातला बाप का वळणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. ही गोष्ट नेमकी उलटी वाचली जाते आणि प्रार्थनेची घासाघीस होते.

तो निलाजरा मित्र मागतो मात्र नेमकं: तीन भाकरी. ‘सर्वांचं भलं कर’ ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती ऐकली गेली की नाही हे कळायला काही मार्गच नसतो. ‘माल उतरेपर्यंत गारपीट नको’ असं निफाडकडचा द्राक्ष बागायतदार म्हणतो, तेव्हा देवालाही आणि त्यालाही तारीख ठाऊक असते. अशी नेमकी मागणी टिपायला दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर तारीख आणि एका ओळीत मागणं, उजवं पान उत्तरासाठी कोरं. एका वेळी तीनच मागणी. जास्त झाली की प्रार्थनेची हजेरी होते.

वेळ दहा मिनिटांची धरावी. पहिल्याच दिवशी तासभर बसणारे दुसऱ्या आठवड्यात सहसा दिसत नाहीत. जागा ठरलेली हवी, फोन दुसऱ्या खोलीत. अंथरुणात केलेली प्रार्थना तिसऱ्या वाक्याला घोरू लागते. दहातली शेवटची दोन मिनिटं गप्प बसायचं. कडी सोडायची वेळ तीच. अवघड वाटतात तीही तीच.

कॅथलिक मंडळींनी या चिकाटीला नऊ दिवसांचं माप दिलंय. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य एकत्र प्रार्थना करत राहिले, त्यावरून ही नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात ती मनोभावे होते. पाचवा दिवस चुकला की पुष्कळजण सगळीच सोडून देतात. हा काही मंत्र नव्हे. सहाव्या दिवशी पुढे चालू करावी.

उजवं पान मात्र प्रामाणिकपणे भरावं लागतं. ‘मिळालं’ लिहायला हात पटकन जातो, ‘नाही’ लिहिताना अडखळतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर आलं, आणि चौथ्यांदा विनवल्याची नोंद नाही. जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचा चाकर मात्र पावसाचं चिन्ह बघायला समुद्राकडे सात वेळा गेला. सहाव्या फेरीपर्यंत त्याच्या उजव्या पानावर एकच शब्द होता: काही नाही. सातव्या वेळी दिसला तळहाताएवढा ढग.